मदत हवी आहे : हाताखालच्या परिचारिकांची नैतिक घुसमट इन्चार्जने कशी हाताळावी?

नमस्कार. मी एका अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे. रजा, ड्युटीचा तक्ता, यंत्रांची दुरुस्ती ही रोजची डोकेदुखी कशीबशी निभावते. पुढील प्रश्नापाशी मात्र माझे खरोखर अडले आहे.

एका वयस्कर रुग्णाला कर्करोगाचे निदान कळू देऊ नये, अशी विनंती त्यांच्या मुलांनी केली होती आणि डॉक्टरांनी ती मान्य केली होती. रात्रपाळीची सिस्टर सलाईन बदलत असताना त्यांनी तिचे मनगट धरून विचारले, "खरे सांग पोरी, मी यातून उठणार आहे का?" ती म्हणाली, "सकाळी डॉक्टर येतील, त्यांना विचारू या." हे उत्तर मीच तिला शिकवले होते. सकाळी हँडओव्हर देताना तिने रक्तदाबापासून लघवीच्या प्रमाणापर्यंत सारे बिनचूक सांगितले. हा प्रसंग मात्र फाईल मिटल्यावर, माझ्याकडे न बघता सांगितला. तीन दिवसांनी ते गेले. तेव्हापासून ती रुग्णांशी कामापुरतेच बोलते.

योग्य काय हे ठरवताच येत नाही तो नैतिक पेच, आणि योग्य काय हे कळत असूनही व्यवस्थेमुळे तसे वागता येत नाही ती घुसमट, असा फरक तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये मांडला. तो पुन्हा वाचताना मला जाणवले की माझ्यापुरता हा पेच होता, कारण मला मुलांचीही बाजू दिसत होती. तिच्या मनात मात्र तिळमात्र शंका नव्हती. तिच्या वाटेत आडवी आलेली व्यवस्था म्हणजे मीच. परिचारिकेची पहिली बांधिलकी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसाशी आहे, असे आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता सांगते, आणि ती मी विद्यार्थिनींना शिकवतेही.

ड्युटी संपल्यावर पंधरा मिनिटे बसून मोकळेपणाने बोलावे, असा प्रयत्न मी केला. कोणीही बोलले नाही. ज्या बाईच्या हातात आपला वार्षिक गोपनीय अहवाल आहे, तिच्यासमोर कोण मन मोकळे करील? मग अशी बैठक विभागाबाहेरच्या कोणी घ्यावी का, आणि तसे केल्यास मी जबाबदारी झटकल्यासारखे होईल का? डॉक्टरांकडे विषय काढला, तर "तो नातेवाईकांचा निर्णय आहे" इतकेच उत्तर मिळाले. रुग्णाने स्वतः विचारल्याची नोंद परिचारिकेने केसपेपरवर करावी, असे मला वाटते. परंतु त्यावरून वाद झाला तर तो तिच्यावर शेकेल, ही भीतीही आहे. अशी नोंद कोणाच्या विभागात केली जाते का, आणि तिच्याखाली इन्चार्जची सही असते का?

सध्या आमच्याकडे दुसऱ्या एका रुग्णाच्या कुटुंबाने हीच विनंती केली आहे, आणि परवापासून त्याच सिस्टरची रात्रपाळी आहे. या वेळी तिला काय सांगून पाठवू?