मदत हवी आहे : सोसायटीचा पाण्याचा पंप किती वीज वाया घालवतो, हे खात्रीने कसे ठरवावे?

नमस्कार मंडळी,

पुण्यातील आमच्या सात मजली सोसायटीत ५६ सदनिका असून इमारत २००३ सालची आहे. लिफ्ट, पंप, जिना आणि पार्किंगमधील दिवे यांच्या सामाईक मीटरवर महिन्याला सुमारे २,१०० युनिटे पडतात, म्हणजे दिवसाला ७०. येत्या सर्वसाधारण सभेपुढे गच्चीवर १८ किलोवॉटचा सौर संच बसवण्याचा प्रस्ताव आहे. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरली, तर हा आकार आजच्या वापराशी बरोबर जुळतो. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान असल्याने सभासदही उत्साहात आहेत. माझा सौर संचाला विरोध नाही. मात्र आजचा वापरच फुगलेला असेल, तर त्या मापाने संच घेणे खजिनदार म्हणून मला पटत नाही. म्हणून गेले तीन आठवडे मी जी मोजमापे केली, ती कृपया तपासून द्यावीत.

दिव्यांचा प्रश्न फारसा उरलेला नाही. सर्व ४४ ट्यूब १८ वॉटच्या एलईडी आहेत. रात्री एक ते पाच या वेळात मीटर सहा युनिटे पुढे सरकतो, म्हणजे दीड किलोवॉटचा भार असतो. त्यातील ०.८ किलोवॉट दिव्यांचा आणि उरलेला ०.७ किलोवॉट लिफ्टची पॅनेले, लिफ्टमधील न थांबणारे पंखे व सीसीटीव्ही यांचा असावा. हा उरलेला भार दिवसरात्र चालू राहून रोज सतरा युनिटे खातो, हे पाहून मलाही आश्चर्य वाटले. पण पंखे बंद कसे करायचे हे आम्हाला ठाऊक आहे.

खरी अडचण पंपाची आहे. पाच अश्वशक्तीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच जोडणीत असलेला) पंप जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो, आणि त्याच्या मोटारीचे आतापर्यंत दोनदा रिवाइंडिंग (आतल्या तारांची गुंडाळी नव्याने करणे) झाले आहे. आमच्या मीटरवर 'एका युनिटला ८०० पल्स' असे लिहिलेले आहे. भर दुपारी दोन्ही लिफ्ट दहा मिनिटे थांबवून (त्याबद्दल सहाव्या मजल्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागले) मी मीटरवरच्या लाल दिव्याची उघडझाप मोजली. पाच मिनिटांत पंप बंद असताना ४७ आणि चालू असताना ३५४ पल्स आले. फरक ३०७, म्हणजे पंपाचा भार ४.६ किलोवॉट. वायरमनने क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा ४१५ व्होल्टला ८.३ अँपिअर प्रवाह दिसला. त्यावरून पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष भार आणि व्होल्ट-अँपिअरवरून येणारा भार यांचे गुणोत्तर) ०.७७ निघतो. तो मला विश्वासार्ह वाटतो.

गच्चीवरच्या टाकीचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटर आहे. खाली जाणारे व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवला, तेव्हा पातळी एक मीटर चढायला, म्हणजे १०,००० लिटर पाणी यायला, ५५ मिनिटे लागली. त्यात ४.२ युनिटे खर्च झाली. खालच्या पाण्यापासून पाइप वर जिथे सुटतो तिथपर्यंतची उंची २७ मीटर आहे. तेवढे पाणी तेवढे उचलायला शुद्ध गणिताने ०.७४ युनिट पुरते. याचा अर्थ मोटार, पंप आणि पाइप मिळून कार्यक्षमता साडेसतरा टक्के भरते.

दुसरे कोडे पाण्याचे आहे. वॉचमनच्या वहीप्रमाणे पंप रोज चार तास चाळीस मिनिटे चालतो, म्हणजे सुमारे ५१,००० लिटर पाणी वर जाते. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने आमच्या २०० रहिवाशांना २७,००० लिटर पुरायला हवे. प्लंबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (चढलेले पाणी पाइपमधून खाली परतू न देणारी झडप) गळत असल्याचे सांगतो. परंतु पाइप टाकीत पाण्याच्या वर सुटत असल्याने त्यातून फार तर पाइपमधले पाणी परत येईल, टाकीतले नाही. मला संशय दोन गोष्टींचा आहे. ओव्हरफ्लोचा आवाज आल्यावरच पंप बंद करण्याची आमच्याकडे प्रथा आहे, आणि रात्री एक ते पाच या वेळात पातळी १४ सेंटिमीटर, म्हणजे १,४०० लिटरने उतरते. त्या वेळी इतके पाणी कोण वापरणार? अनेक घरांतील फ्लश टाक्या गळत असाव्यात.

माझी विचारणा अशी आहे. पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज नाही. तो बसवल्याशिवाय दोष पंपाचा की वीस वर्षांत आतून गंजून अरुंद झालेल्या पाइपचा, हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का? पाइपच दोषी असेल, तर नवा पंप घेऊन निम्मेच काम होईल. रिवाइंडिंगमुळे मोटारीची कार्यक्षमता किती घटते, याचा कोणी प्रत्यक्ष मोजून अनुभव घेतला आहे का? आणि एवढ्या लहान वापरासाठी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक बोलावणे परवडते का, की टाकीत पातळी नियंत्रक बसवून आणि पंप बदलून आधी महिनाभर मीटर पाहावा?

कार्यक्षमता चाळीस टक्क्यांवर आली आणि पाणी २७,००० लिटरवर थांबले, तर पंपाची रोजची साडेएकवीस युनिटे पाच-सहावर येतील. म्हणजे सौर संच चार किलोवॉटने लहान घेता येईल. सभा तीन आठवड्यांनी आहे. त्याआधी आणखी कोणते मोजमाप घ्यावे, हे सांगितल्यास मी ते घेऊन आकडे इथेच देईन.