पटाचा व्हिडिओ अन् दर सेकंदाले कीफ्रेम : टाकावं का नाई?

पटवेडा_दिग्रस
राजेहो, गावच्या शंकरपटाचा (बैलजोड्यांच्या शर्यतीचा) दिवसभराचा व्हिडिओ साइटवर टाकला, खाली प्रत्येक जोडीची लिंक, दाबली का जोडी सुटतानाच दिसली पाहिजे. पण लिंक पाच-सात सेकंद मागंच जाऊन बसून रायली, लोकाइले मागच्या जोडीचा फुफाटाच दिसते. लिंक कीफ्रेमवर, म्हणजे अख्खं चित्र साठवलेल्या फ्रेमवर, जाऊन बसते. एक्स२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) च्या डिफॉल्टमध्ये दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर राहू शकते, २५ एफपीएस (सेकंदाले २५ फ्रेमा) धरलं तं १० सेकंद झाले. माझं मत, पटाले दर सेकंदाले कीफ्रेम टाकाच, फाईल फुगली तं फुगू द्या.

एकदांडी_नेटवाला
फुगू द्या काय बाप्पा, डाटा तुम्ही भरून देता काय? कीफ्रेम म्हणजे अख्खं चित्र, मधल्या फ्रेमा काय बदललं तेवढंच ठेवतात. तुमचा कॅमेरा स्टँडवर, मागं तेच बाभळीचं झाड, तोच मांडव, बदलते काय तं बैल, धुरकरी अन् धूळ. म्हणजे मधल्या फ्रेमा हलक्या, अन् तुम्ही दर सेकंदाले तेच बाभूळ पुन्हा पुरं पाठवणार! दोष प्लेअरचा हाय. प्लेअरनं उडी माराले ब्राउझरच्या करंटटाइमले वेळ दिली तं ब्राउझर मागच्या कीफ्रेमपासून गुपचूप डिकोड करत (फ्रेमा उलगडत) नेमक्या फ्रेमवर येते. त्याच्याजागी फास्टसीक (झटपट उडी) असन तं जवळचा कीफ्रेम धरून मोकळा होते.

पटवेडा_दिग्रस
प्लेअर रेडिमेड हाय अन् त्यात फास्टसीकच हाय, हे खरं. पण तो काढला तरी सस्त्या मोबाईलवर दीड-दोनशे फ्रेमा डिकोड होईस्तोवर नुसतं चक्कर फिरत रायते, लोक तेवढ्यात दुसरीच लिंक दाबतात.

कटपेस्ट
मी तर म्हणतो लिंकांची भानगडच नको, जोडीगणिक तुकडे करा.

एकदांडी_नेटवाला
@कटपेस्ट आणि तुकडे कॉपी मोडनं, म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता (नव्यानं न दाबता), पाडले तं तेही कीफ्रेमवरच तुटतात, पुन्हा एन्कोड केल्याबिगर नेमका काप बसत नाई. मंग फिरून तेच.

वरधेकर
दोघंही अर्धं बोलून रायले. एफएफएमपेगमध्ये (व्हिडिओ एन्कोड करायचं सॉफ्टवेअर) फोर्स कीफ्रेम्स नावाचा ऑप्शन आहे, त्याला वेळांची यादी दिली की तेवढ्याच जागी जास्तीचे कीफ्रेम पडतात, बाकी कीफ्रेम नेहमीसारखेच; व्हिडिओ मात्र एकदा पुन्हा एन्कोड करावा लागतो. लिंकांसाठी वेळा तर तुम्ही काढल्याच आहेत, त्याच द्या. फक्त मोबाईलचं शूटिंग असेल तर सांभाळा, त्यात फ्रेमरेट कमी-जास्त होत राहतो, म्हणून फ्रेम नंबर मोजून वेळ काढू नका, फाईलमध्ये फ्रेमेसोबत नोंदलेली वेळ, म्हणजे टाइमस्टॅम्पच घ्या.

पंच_काका
हे सगळं ठीक हाय, पण यंदा दोघं जण व्हिडिओ थांबवून निकाल बदला म्हणत आले म्हणून इचारतो, नेमकी फ्रेम भेटली तरी तिच्यावर निकाल लावता येते काय?

वरधेकर
काका, नाही. ३० एफपीएसमध्ये जोडी सेकंदाला १० मीटर धावली तर दोन फ्रेमांमध्ये ती ३३ सेंटीमीटर पुढं गेलेली असते. नाक रेषेवर टेकलेली फ्रेम कॅमेऱ्यानं घेतलेलीच नसेल तर कीफ्रेम कितीही टाका.

पटवेडा_दिग्रस
निकाल घड्याळाचाच राहीन, काका. फोर्सवालं करून पाहतो, पण दर सेकंदवाली फाईलही ठेवतो, ज्याच्या घरी वायफाय हाय तो पाहीन.

एकदांडी_नेटवाला
ठेवा, पण सुरुवातीले हलकीच लागू द्या.