ट्रेलरचं तोंड वर राहतंय: टर्नटेबल खाली घ्यावं का?

उरण_पुलर
55 टनी 6×4 घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, सहापैकी चार चाकांना इंजिनची ताकद). जुना 40 फुटी कंटेनर ट्रेलर त्यावर सपाट बसतो. आता 3 एक्सलचा फ्लॅटबेड आलाय, तो माल भरल्यावरही किंगपिनपाशी (ट्रेलरच्या पुढच्या तळाची, घोड्यात अडकणारी खुंटी) 60 मिमी उंच दिसतो. शेवटच्या एक्सलचे टायर लवकर झिजतात, ड्रम तापतात. टर्नटेबलचं (घोड्यावरचं जोडणीचं ताट, ज्यावर ट्रेलर टेकतो) स्टँड 250 मिमीचं, खाली 40 मिमीची नालीदार प्लेट. दोन्ही ट्रेलर चालवायचे आहेत.

पाटा_कमान
आधी माप नीट घ्या. सपाट काँक्रीटवर, हवा पूर्ण भरून, माल लादून. किंगपिनजवळच्या प्लेटचा तळ आणि मधल्या एक्सलवर चासीचा तळ, दोन्ही जमिनीपासून, डावी-उजवी बाजू वेगळी. ट्रेलरचे मागचे पाटे (स्प्रिंग) बसले असतील तर दोष टर्नटेबलचा नाहीच.

पाटे ठीक असतील तर हिशोब असा: किंगपिन ते मधला एक्सल सुमारे 7.7 मीटर, पहिला ते तिसरा एक्सल 2.7 मीटर. 60 मिमी उतार म्हणजे तिसऱ्या एक्सलवर चासी पहिल्यापेक्षा 21 मिमी खाली. बॅलन्सर (एक्सलांमध्ये भार वाटणारा दांडा) थोडं सांभाळतो, उरलेलं वजन मागच्या टायरवर जातं.

टॉर्क_रेंच
स्टँड 250 चं काढून 185 चं बसवलं तर फ्लॅटबेड सरळ होईल, पण कंटेनर ट्रेलर 65 मिमी नाक खाली घालेल, मग पहिल्या एक्सलवर भार. दोन्ही ओढायचे तर मधला मार्ग घ्या: 40 ची प्लेट काढून 12 ची सपाट. 28 मिमी खाली, दोन्हीकडे साधारण 30 चाच फरक. मात्र सपाट प्लेट तुमच्या चासीला चालते का, हे गाडीच्या कंपनीकडून विचारून घ्या.

प्लेट बदलताना चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही नाही. नट-बोल्ट नवेच. M16 (16 मिमी जाडीचे), 8.8 दर्जाच्या मजबुतीचे असतील तर सुमारे 200 न्यूटन-मीटर, पण शेवटचा शब्द कंपनीच्या तक्त्याचा. पहिल्या 1000 किमीनंतर पुन्हा तपासा.

उरण_पुलर
फ्लॅटबेडच्या पाट्यांवर 60 चं पॅकिंग टाकलं तर?

पाटा_कमान
एक्सल आणि पाट्याच्या मध्ये जाडजूड ठोकळे नकोत दादा. यू-बोल्ट लांब होतात, ब्रेक मारला की एक्सल पिळतो, आणि माल तेवढाच उंच जातो.

टॉर्क_रेंच
उंची कमी केली की दोन गोष्टी बघा. वळताना, उतारावर चासीची मागची टोकं ट्रेलरच्या पोटाला लागतात का? पाटे पूर्ण दबल्यावर टायर आणि ट्रेलर यांत जागा राहते का? लँडिंग लेगही (ट्रेलर सुटा उभा करायचे पाय) थोडे खाली येतात, पूर्ण वर गुंडाळा.

जोडताना ट्रेलरची प्लेट टर्नटेबलपेक्षा 25 ते 50 मिमी खालीच हवी, म्हणजे घोडा रिव्हर्समध्ये ट्रेलर उचलून घेतो. उंच राहिली तर किंगपिन टर्नटेबलच्या जबड्याच्या (त्याला पकडणाऱ्या कुलपाच्या) वर बसतो आणि हँडल लागल्यासारखं दिसतं. बॅटरी घेऊन खाली वाका: दोन प्लेटमध्ये फट नको, जबडा किंगपिनच्या मानेभोवती बंद हवा. मग ट्रेलरचे ब्रेक लावून एक हलका ओढा मारायचा, लेग त्यानंतर वर.