फॉर्म्युला वन, लास वेगास २०२५: ०.१२ मिलिमीटरसाठी दुसरा नंबर गेला? प्लँकचा नियम कुणी नीट सांगेल का

कोपरा_१४

शर्यत आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला सुरू झाली. अकराच्या सुमारास व्हर्स्टापेन पहिला, नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. दुपारी बघतो तर दोन्ही मॅकलारेन (नॉरिस आणि पियास्त्री) बाद, रसेल दुसरा आणि अँटोनेली तिसरा. कारण काय, तर गाडीखालची फळी (प्लँक) झिजली. नॉरिसची भरली ८.८८ मिमी, हवी होती ९. झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी असतो हो! नॉरिसची व्हर्स्टापेनवरची आघाडी ४२ गुणांची होणार होती, ती २४ वर आली.

एवढ्याशा झिजेने गाडीला फायदा तरी काय होतो? आणि पाच-दहा सेकंदांची शिक्षा देऊन भागलं नसतं का?

डांबरट

फायदा झिजेचा नाही, गाडी खाली बसवण्याचा. झीज हा त्याचा पुरावा.

१९९४ मध्ये इमोलाला रात्झेनबर्गर आणि सेना हे चालक अपघातात गेले. त्यानंतर गाड्यांना आवर घालायला जे नियम घाईघाईने आले, त्यातला हा एक; त्याच वर्षीच्या जर्मन ग्रां प्रीपासून लागू झाला. गाडीचा तळ जमिनीच्या जितका जवळ, तितकी खालून जाणारी हवा जास्त ओढ देते आणि पकड वाढते. २०२२ ते २०२५ च्या गाड्यांमध्ये पकडीचा मोठा हिस्सा तळातूनच यायचा, त्यामुळे दोन-तीन मिमीसुद्धा लॅप टाइममध्ये दिसायचे. धावताना गाडी जमिनीपासून किती वर असावी हे एफआयए (नियम करणारी जागतिक संस्था) मोजत बसत नाही. फळी नवी असताना १० मिमी (०.२ कमीजास्त) आणि झिजून ९ च्या खाली नको, एवढंच. गाडी फार खाली बसवलीत तर ती आपटणार, फळी घासणार आणि तुम्ही पकडले जाणार.

आता वेगासची अडचण. स्ट्रिप या मुख्य रस्त्यावरचा सरळ पट्टा जवळजवळ १.९ किमीचा, वेग ताशी ३४० च्या पुढे. डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) वेगाच्या वर्गाने वाढतो. ३०० वरून ३४० ला गेलात तर वेग १३ टक्क्यांनी वाढला, पण गाडीवरचा दाब २८ टक्क्यांनी. सुरुवातीला टाकी भरलेली असते (२०२५ ला मर्यादा ११० किलो), म्हणून पहिले लॅप सगळ्यात वाईट. त्यात पॉरपॉइझिंग सुरू झालं की संपलंच. तळ जमिनीच्या फार जवळ गेला की खालची हवा अडते, ओढ सुटते, गाडी वर उसळते, हवा पुन्हा वाहू लागते आणि गाडी पुन्हा खाली खेचली जाते. प्रत्येक उसळीला एक आपट. मॅकलारेनने स्टुअर्ड्सपुढे (शर्यतीच्या पंचांपुढे) हेच मांडलं, की इतकं पॉरपॉइझिंग अपेक्षित नव्हतं.

अपेक्षित का नव्हतं, तर सरावच धड झाला नाही. दुसरा सराव मॅनहोलच्या झाकणामुळे थांबवावा लागला, तिसरा ओलसर ट्रॅकवर, क्वालिफाइंग (शर्यतीत सुटण्याचा क्रम ठरवणारी फेरी) पावसात. भरल्या टाकीने कोरड्या ट्रॅकवर सलग दहा-बारा लॅप मारल्याशिवाय झिजेचा दर हाती येत नाही. तो आकडा नसेल तर गाडी दोन मिमी वर घ्यायची आणि वेग सोडायचा, किंवा अंदाजावर जायचं. ते अंदाजावर गेले.

मोजपट्टी

मोजणीबद्दल. पूर्ण फळी मोजत नाहीत. तळाला ठरावीक भोकं असतात, त्यांच्या कडेलाच जाडी मोजायची असं २०२५ च्या तांत्रिक नियमांच्या ३.५.९ मध्ये होतं. तिथे टायटॅनियमच्या स्किड (जमिनीला घासणाऱ्या पट्ट्या) बसवलेल्या असतात. रात्री ठिणग्या उडतात त्या याच्याच.

या वेळी मागची स्किड कमी भरली; खालचं पुढे-मागे तिच्यावरचंच. नॉरिसची उजवीकडे पुढे ८.८८ आणि मागे ८.९३. पियास्त्रीची तीन ठिकाणी: डावीकडे पुढे ८.९६, उजवीकडे पुढे ८.७४, मागे ८.९०. म्हणजे नॉरिसपेक्षा पियास्त्रीचीच गाडी जास्त झिजली होती, पण सगळी चर्चा ०.१२ ची. टीमच्या तीन माणसांसमोर पुन्हा मोजलं तेव्हाचे हे आकडे, पहिल्या मोजणीपेक्षा आणखी कमी. त्यामुळे मोजणीत चूक हा मुद्दा निकालात निघाला.

शिक्षेचं म्हणाल तर पाच-दहा सेकंद हे स्पर्धेच्या वर्तनाच्या चुकांना असतात: पिटलेनमध्ये जास्त वेग, कुणाला ढकललं, ट्रॅकची हद्द ओलांडली. तांत्रिक नियम मोडला तर गाडीच बेकायदा, मग त्या गाडीने मिळवलेला निकालही जातो. स्टुअर्ड्सनी लिहिलंय की हेतू नव्हता हे मान्य, परिस्थिती अवघड होती हेही मान्य, पण बाद करण्याशिवाय दुसरी शिक्षा ना नियमात आहे ना आधीच्या निर्णयांत. याच वर्षी चीनला हॅमिल्टन आणि बहारीनला हुल्केनबर्ग याच फळीपायी बाद झाले. २०२४ ला स्पामध्ये रसेल जिंकूनही दीड किलो वजन कमी म्हणून बाद. तेव्हा ७९८ ची मर्यादा होती, गाडी ७९६.५ भरली.

वाळूचा_सापळा

हे सगळं कबूल. पण मोजतात किती गाड्यांची? २०२३ ला ऑस्टिनमध्ये चारच गाड्यांची फळी तपासली: व्हर्स्टापेन, नॉरिस, हॅमिल्टन, लक्लेर. त्यातल्या दोन बाद. निम्म्या! उरलेल्या सगळ्या कायदेशीर होत्या यावर कोण विश्वास ठेवणार? ९ मिमी ही जर काळ्या दगडावरची रेघ आहे, तर निदान गुण मिळवणाऱ्या दहाही गाड्या मोजा. वजन सगळ्यांचं करता ना?

मोजपट्टी

मुद्दा रास्त आहे. वजनाला गाडी काट्यावर ढकलली की झालं. फळीला गाडी वर उचलून एकेक भोक मोजावं लागतं, आणि त्याच रात्री सामान पुढच्या देशात जायचं असतं. तरी दहा गाड्या अशक्य नाहीत. माझं मत तुमच्याच बाजूने, पण त्याने मॅकलारेनचा निकाल बदलत नाही.

कोपरा_१४

धन्यवाद, डोक्यात उजेड पडला. एक राहिलं. शनिवारी संशय आला असता तर गाडी वर घेता आली असती का? आणि शर्यत चालू असताना काही करता येतं का?

डांबरट

क्वालिफाइंग सुरू झालं की पार्क फेर्मे, म्हणजे गाडी आहे तशी गोठवायची. राइड हाइटला (जमिनीपासूनच्या उंचीला) हात लावता येत नाही, पुढच्या विंगचा फ्लॅप तेवढा हलवता येतो. वर घ्यायचीच असेल तर पार्क फेर्मे मोडून पिटलेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून सुटायचं. ऑस्टिनला २०२३ मध्ये दोन्ही हास आणि दोन्ही अ‍ॅस्टन मार्टिन सेटअप बदलून तशाच सुटल्या, आणि स्ट्रोल तिथून सातवा आला. पण पोल (सुटण्याची पहिली जागा) घेतलेल्या नॉरिसला कुठली टीम पिटलेनमध्ये उभं करेल?

दुसरा उपाय टायरचा दाब. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने दिलेल्या किमान आकड्यापेक्षा थोडा जास्त भरला की गाडी किंचित उचलली जाते, बदल्यात टायरची पकड जाते. वेगासच्या थंडीत तर टायर तापतच नाहीत, तिथे हा सौदा महाग.

शर्यतीत एकच मार्ग: लिफ्ट अँड कोस्ट. सरळ पट्ट्याच्या टोकाला, जिथे वेग आणि दाब सर्वाधिक, तिथे ब्रेकच्या आधीच पाय उचलायचा. फळीची जाडी थेट दाखवणारं मीटर गाडीत नसतं, सस्पेन्शनवरच्या भारावरून इंजिनिअर अंदाज बांधतात. शेवटच्या लॅपना नॉरिस अचानक मागे पडून वीस सेकंदांच्या वर गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं पेट्रोल कमी पडतंय. ते हेच होतं. पण तोवर पहिल्या लॅपनी घासायचं ते घासून झालं होतं.

वाळूचा_सापळा

आता पुढची शर्यत कतार, तेही स्प्रिंट (शनिवारी एक छोटी जादा शर्यत). एकच तासाचा सराव. एक बरं, २०२४ पासून स्प्रिंट संपल्यावर पार्क फेर्मे पुन्हा उघडतं, म्हणजे शनिवारची झीज बघून मुख्य क्वालिफाइंगआधी गाडी वर घेता येईल. २०२३ ला ऑस्टिनमध्ये ती सोय नव्हती, शुक्रवारी जे बसवलं तेच रविवारपर्यंत.