टूम रेडरचा सहावा भाग असा अर्धाकच्चा का?

कळफलक_बडव्या: टूम रेडर या व्हिडिओ गेमच्या ४ ते ६ भागांची नवी आवृत्ती घेतली. चौथा आणि पाचवा मजेत संपवला. सहावा, म्हणजे 'एंजल ऑफ डार्कनेस', मात्र डोक्याला ताप आहे. गेमची नायिका लारा एखादी वस्तू ढकलते, मग म्हणते आता अंगात ताकद आली, आणि तेव्हा कुठे पुढचं दार उघडतं! पॅरिसमध्ये गोष्ट पकड घेते, प्रागला पोचेस्तोवर सगळे धागे सुटलेले. हे खरंच त्याच लोकांनी बनवलंय?

चहाबाज: तेच लोक. गेम बाजारात आणणाऱ्या आयडॉस कंपनीने पिळून काढलं, दुसरं काय.

डर्बीकर_अण्णा: सगळं खापर आयडॉसवर नको फोडायला. गेम बनवणारी कोअर डिझाइन ही इंग्लंडातल्या आमच्या डर्बीतली कंपनी, १९८८ सालची. १९९६ ला पहिला भाग आला आणि तुफान चालला. लारा ज्याच्या डोक्यातून निघाली तो टोबी गार्ड १९९७ मध्ये बाहेरही पडला. बाजारात लाराला ज्या थाटात मिरवत होते ते त्याला रुचत नव्हतं.

त्या जुन्या गेमची खरी गंमत चौकोनांत होती. सगळी पातळी सारख्या मापाच्या ठोकळ्यांची. जागेवरून उडी मारलीत तर एक चौकोन पार, मागे टुणकन उडी घेऊन धावत आलात तर दोन, आणि पलीकडची कड हाताने पकडलीत तर तीन. मेलात तर चूक तुमची, गेमची नाही. त्याच पायावर १९९६ ते २००० दर वर्षी एक भाग निघाला. माणसं इतकी कावली की चौथ्याच्या शेवटी त्यांनी लाराला इजिप्तमध्ये गाडूनच टाकली. तरी पाचवा काढावा लागलाच, म्हणून तो सगळा आठवणींचा!

तो पाचवा चालू असतानाच दुसरी टोळी प्लेस्टेशन २ साठी सहाव्याला भिडलेली. इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, नवं, हालचाली नव्या, चौकोन गेले, शिवाय कर्टिस नावाचा दुसरा नायक. एवढं सगळं एकदम कशाला काढायचं? हे कोअरचंच दुखणं. तारखा पुढे ढकलून ढकलून आयडॉसचा धीर सुटला, गोष्टीचे तुकडे कापले आणि जून २००३ मध्ये गेम दुकानात. तुम्हाला सुटलेले धागे दिसतात ते हेच.

मग मालिका कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टल डायनॅमिक्स कंपनीकडे गेली. २००६ मध्ये कोअरची माणसं रिबेलियन या दुसऱ्या गेम कंपनीने घेतली, कोअरचं नाव सोडून. २०१० ला रिबेलियनचा डर्बीतला तो स्टुडिओही बंद.

चहाबाज: अण्णा, डर्बीत लाराच्या नावाचा रस्ता आहे म्हणे?

डर्बीकर_अण्णा: आहे की, लारा क्रॉफ्ट वे. लोकांनी मतं देऊन नाव ठरवलं, तेही २०१० मध्येच. बघण्यासारखं काही नाही, रिंगरोडचा तुकडा आहे. संध्याकाळी कामावरून सुटायच्या वेळी तिकडे फिरकू नका.

कळफलक_बडव्या: आता कळलं. बरं, लाराच्या घरच्या त्या म्हाताऱ्या बटलरला फ्रीजरच्या खोलीत कोंडायचं ते दुसऱ्या भागात ना? तो घेतो आता.