स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या फोटोत नुसता पांढरा पट्टाच येतोय, काय करू?

खानापूरकर: रविवारी जांबोटीच्या अलीकडं ओढ्याकाठी फिरूलालो तर पांढराफेक स्वर्गीय नर्तक डोळ्यासमोरनं गेला, शेपटी हातभर! 70-300 लेन्स आहे माझ्याकडं, पन्नास-साठ फोटो मारले तर सगळ्यात पांढरा पट्टा. मागं मागं गेलो तर तो आणि आत बांबूत. सेटिंग सांगा की कुणीतरी. सोबत बिनशेपटीचा तांबूस एक होता, ती मादीच ना?

टिळकवाडीवाला: आधी मागं पळणं बंद कर भावा. माशीमारच तो, फांदीवर बसतो, किडा उडाला की झेप, आणि बऱ्याचदा परत त्याच नाहीतर शेजारच्या फांदीवर. ती फांदी हेरायची, तिच्यावर फोकस लावून गप्प बसायचं. शटर 1/1600 सेकंदापेक्षा हळू नको, झाडाखाली उजेड नसतो म्हणून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 3200 वर गेला तर जाऊ दे, फोटोत दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो घेऊन काय करणार? एक्सपोजर थोडं मायनस ठेव, म्हणजे फोटो जरा गडद, मागं काळोख असला की पांढरी पिसं जळतात, नुसती पांढरीफटक दिसतात. आणि हातभर काय रे, जास्तीत जास्त फूटभर असते ती :)

रानवाटा: तांबूस म्हणजे मादीच असं नाही हं. कोवळा नर पण तांबूस, आखूड शेपटीचाच असतो, लांब शेपटी यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि लांब शेपटीचे तांबूस नर पण असतात. गळा बघा. मादीचा राखाडी, नराचा काळा.

चोर्ला_रोड: दुपार कलल्यावर पाण्याजवळ बसा. अंघोळीला येतो हा, वरनं सूर मारतो, परत फांदीवर, परत सूर. मी एकदा तीन तास डास मारत बसलो तेव्हा चार फोटो धड मिळाले. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलवू नका, आमच्यातले काहीजण करतात ते, मला बिलकूल पटत नाही. मे-जूनला घरटं दिसलं तर लांबनंच निघून यायचं, आपण फांद्या बाजूला केल्या की कावळ्याला आयतीच वाट होते.

खानापूरकर: गळा बघायला फोटो धड पाहिजे ना :( एक झूम करून बघितला, काळाच वाटूलाय. शनिवारी परत जातो, ओडोमॉस घेऊन.