जोतीरावांचा स्मृतिदिन आणि मागे पडलेला शेतकरी

बांधावरचा:
28 नोव्हेंबरला आमच्या गावात जोतीराव फुल्यांच्या फोटोला हार पडतो तो शाळेत. विकास सोसायटीत कुणाला आठवणही नसते. मुलींच्या शाळेवर भाषणं होतात, व्हायलाच हवीत. पण 1882 साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाला निवेदन देताना याच माणसाने आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुण्याचा म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे तेव्हाचा नगरपालिका सभासद, अशी दिली होती. मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन खालच्या जमिनी कशा कसदार व्हायच्या, जंगल खात्याने डोंगर ताब्यात घेतल्यावर गुराढोरांचे काय हाल झाले, हे सगळं त्यात आहे. पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांना कामाला लावा, ताली-बंधारे घाला, पाणी शेतात मुरू द्या आणि मगच ओढ्याला जाऊ द्या, असं ते सरकारला बजावतात. पाणलोटाच्या बैठकीत आज आपण वेगळं काय बोलतो? स्मृतिदिन सोसायटीने आणि ग्रामपंचायतीनेही पाळावा, असं माझं ठाम मत आहे.

गंजपेठकर:
मला हे पटत नाही. जोतीराव बांधकामाची कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही ते होते. हप्ता चुकला म्हणून बैल विकणाऱ्या कुणब्याचं जिणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले. दागिन्यांनी मढलेले हे पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यात जाऊन बघा, असं त्यांनी राजपुत्राला सुनावलं. तो वेश विचारपूर्वक घातलेला होता, रोजचा नव्हता.

आणि मला खरी भीती वेगळीच वाटते. असूडाचं पहिलं प्रकरण बंधाऱ्यांचं नाही. जन्माच्या आधीपासून मरणाच्या नंतरपर्यंत धर्माच्या नावाखाली शेतकऱ्याला कसं नागवलं जातं, ते तिथे आहे. सोसायटीत कार्यक्रम झाला की माती-पाण्यावर व्याख्यान होईल आणि जात बाहेर राहील.

रानवाट:
गंजपेठकर, चौथं प्रकरण पुन्हा वाचा. कलेक्टरकडून हप्त्याची मुदत न मिळालेला शेतकरी, त्याचं घर, गोठ्यातले उपाशी बैल, कोपऱ्यातल्या रिकाम्या कणग्या, फुटकीतुटकी भांडी. त्या घरात उठबस असल्याशिवाय इतकं बारीक लिहिता येत नाही. कंत्राटदार होते म्हणून शेतीवर बोलायचा त्यांचा हक्क कमी होतो का? माझ्या माहेरी चुलते ट्रक चालवतात, वडील शेती बघतात. नुसत्या शेतीवर भागणारी घरं गावात आहेत तरी किती?

बांधावरचा:
तेच म्हणतोय मी. वेश विचारपूर्वक घातला हे मान्य. पण त्या मेजवानीत दुसऱ्या कुणाला तो घालावासा वाटला नाही, याला काही मोल आहे की नाही?

गंजपेठकर:
आहे, फार मोठं आहे. पण स्मृतिदिन पाळायचा तर त्यांचं मरणही सांगा. जुलै 1888 मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तर या माणसाने डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढलं. शेवटची दोन वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. आपल्याला दहन न करता मिठात पुरावं, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. घरामागे खड्डाही तयार होता, पण वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही, शेवटी दहनच झालं. दत्तक मुलगा यशवंत याच्या अंत्यविधीच्या हक्कावर पुतण्यांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरून पुढे चालल्या. 1890 सालच्या पुण्यात! ज्या गावात आजही बाईला स्मशानात येऊ देत नाहीत, त्या गावच्या सोसायटीत हे सांगायची तयारी आहे का?

रानवाट:
आमच्या गावात मी सांगेन. वडील गेले तेव्हा आम्हा बहिणींना वेशीवरूनच माघारी पाठवलं होतं. ऐकणाऱ्यांत तेव्हाची माणसंही असतीलच.

बांधावरचा:
माझीही तयारी आहे. या वर्षीच चेअरमनना भेटतो. पण बंधाऱ्याचा भाग मी सोडणार नाही.

गंजपेठकर:
सोडू नका. फक्त आधी पहिलं प्रकरण वाचा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यावर जो वाद होईल तो होऊ द्या. बंधारे त्यानंतर.